बाहुलीचं गाणं आणि नदीतली लढाई



गेल्या आठवड्यात ४ डिसेंबरला आम्ही नौदल दिनाचा कार्यक्रम केला. तो ऐकून पारोळ्याकडच्या एका ताईंनी फोन केला. म्हणाल्या, "आपल्या जळगाव-धुळ्यात समुद्र कुठे? तापी, गिरणा, पांझरा एवढंच आपलं पाणी. नौदलाचं आपल्याला काय?" ताई, आजची गोष्ट नदीतल्याच लढाईची आहे, आणि ती सुरू होते रेडिओवरच्या एका गाण्यापासून.

साल १९७१. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी फौजेचे अत्याचार चालले होते. जीव वाचवायला लाखो माणसं भारतात आली. त्यांत शेतकऱ्यांची, कॉलेजात शिकणारी तरणी मुलं होती. त्यांना लढायचं होतं. आपल्या नौदलाने पश्चिम बंगालमध्ये प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी, त्यांच्यासाठी गुप्त छावणी उघडली. ही मोहीम चालवणाऱ्यांत एक मराठी अधिकारी होते, कमांडर मोहन नारायण सामंत. ते पाणबुडीवरचे. १९६९ साली नौदलात आलेल्या 'करंज' पाणबुडीचे ते पहिले कप्तान.

नदीकाठी वाढलेल्या त्या मुलांना पोहणं येतच होतं. रात्रीच्या अंधारात, छातीला सुरुंग बांधून, आवाज न करता तासन् तास कसं पोहायचं, हे त्यांना इथे शिकवलं. सुरुंग लोहचुंबकाचा. जहाजाच्या बुडाला चिकटवायचा आणि निघून यायचं.

ऑगस्टमध्ये ही मुलं चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांकडे गेली आणि लपून बसली. आता हल्ला कधी करायचा, हे त्यांना कळवायचं कसं? चिठ्ठी पकडली जाते, माणूसही पकडला जातो. म्हणून आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून दोन गाणी लावायचं ठरलं. पहिलं पंकज मल्लिक यांचं. ते ऐकलं की तयार व्हायचं. मग दुसरं. ते लागलं की निघायचं. आणि हे दुसरं गाणं कशाचं होतं? बाहुली पहिल्यांदा सासरी निघाली, त्याचं! लहानपणी आपण बाहुला-बाहुलीचं लग्न लावून असंच काहीतरी गायचो ना? गाणं सगळ्यांनी ऐकलं. त्यातला निरोप तेवढा त्या मुलांना कळला. १५ ऑगस्टची मध्यरात्र उलटल्यावर बंदरांतल्या जहाजांखाली सुरुंग फुटले.

पुढे दोन गनबोटी तयार झाल्या. गनबोट म्हणजे तोफ बसवलेली लहान बोट. मोठं जहाज जिथे अडेल, अशा नदीच्या पाण्यातही ती जाते. कोलकाता बंदराच्या कामातल्या दोन बोटी घेतल्या आणि त्यांच्यावर बोफोर्स तोफा चढवल्या. एकीचं नाव 'पद्मा', दुसरीचं 'पलाश'. पलाश म्हणजे आपला पळस. खलाशी बहुतेक बंगाली, हुकूम भारतीय अधिकाऱ्यांचा.

डिसेंबरात युद्ध पेटलं. या दोन बोटी, नौदलाची 'पनवेल' आणि सीमा सुरक्षा दलाची एक, अशा चार बोटी घेऊन सामंत निघाले. अनोळखी खाड्यांतून वाट काढत ते मोंगला बंदरात शिरले तेव्हा शत्रूला पत्ताही नव्हता. मोंगला हाती आलं. १० डिसेंबरला तीन बोटी खुलन्याजवळ पोहोचल्या.

इथवर लिहून आमच्यात वाद झाला. पुढचं सांगायचं का? आमच्यातल्या दोघींची मुलं फौजेत आहेत. त्यांतली एक म्हणाली, "नको गं, ऐकणाऱ्या आईच्या पोटात कालवेल." दुसरी म्हणाली, "ते गाळलं तर या माणसाने केलेलं सगळ्यात मोठं कामच गाळलं जाईल." शेवटी सांगायचं ठरलं.

आकाशात विमानं आली. ती आपलीच होती. बोटींवर ओळखीची पिवळी खूण होती, तरी वैमानिकांना त्या शत्रूच्या वाटल्या. त्यांनी मारा केला. पद्मा गेली, पलाशही गेली. पलाशच्या इंजिनखोलीत रुहुल अमीन होते. ते जखमी होऊन काठाला लागले आणि तिथे रझाकारांनी त्यांना ठार केलं. बांगलादेशाने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा आपला सर्वोच्च सन्मान दिला.

पनवेल वाचली. तिला वळवून निघून जाता आलं असतं. पण किनाऱ्यावरून शत्रूचा मारा चालू असताना सामंत आणि पनवेलचे कप्तान लेफ्टनंट कमांडर जोसेफ नोरोन्हा यांनी पाण्यात पडलेली माणसं उचलून बोटीवर घेतली. या दोघांना आणि पद्मावरचे जखमी खलाशी चिमन सिंह यांना महावीर चक्र मिळालं. परमवीर चक्राच्या खालोखालचा हा मान.

युद्धानंतर बांगलादेशाच्या नव्या नौदलाचे पहिले प्रमुख म्हणून सामंतांनीच काम पाहिलं. मोहीम मात्र गुप्त होती, त्यामुळे कित्येक वर्षं तिचा फारसा गवगवा झाला नाही. संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांनी लिहिलेलं पुस्तक २०१९ साली आलं. त्याच वर्षी सामंत मुंबईत वारले. २०२१ च्या मार्चमध्ये माझगाव गोदीत बांधलेली नवी 'करंज' नौदलात दाखल झाली.

मैत्रिणींनो, चूक सांगितल्याने कुणाचं शौर्य उणं होत नाही, असं आता आम्हा सगळ्यांना वाटतं. पोटात कालवेल म्हणणारी आमची मैत्रीणही आज इथे बसून ऐकते आहे. तुमच्या गावात १९७१ ची लढाई लढलेले कुणी आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा. पदकं पाहाच, पण सोबत कोण होतं, कोण परत आलं नाही, तेही विचारा. आणि ते सांगत असतील तर मधे बोलू नका, ऐका. मग आम्हाला कळवा.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार!