पिकअप उंच करण्याआधी

मी मऊरानीपूरहून बोलतोय. झाशीहून खजुराहोकडे निघालात की साधारण साठ किलोमीटरवर आमचं गाव लागतं. इथली माणसं नुसतं 'मऊ' म्हणतात. घर आमचं मूळ झाशीतलं मराठी, पण बोलण्यात आता निम्मी बुंदेली शिरली आहे, तेवढं सांभाळून घ्या. तुम्ही ज्यांना गाडीचे पाटे म्हणता, त्यांना इथे कमानी म्हणतात. त्या कमानींचीच आजची गोष्ट आहे.

माझा धंदा धान्याचा. भुईमूग, गहू, उडीद. दाराशी एक पिकअप. माझा भाचा मोबाईलवर परदेशातल्या गाड्या बघतो, पुढून उचललेल्या, छाती काढून उभ्या असलेल्या. एक दिवस म्हणाला, "मामा, आपली गाडी नाक खाली घालून उभी असते. पुढून लेव्हल करून घेऊ." मलाही माल भरल्यावर मागचा भाग बसतो ही तक्रार होतीच. मग दोन्ही कामं एकदम केली. पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं, मागे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले, लांब यू-बोल्ट टाकले. गाडी दिसायला झकास झाली, हे मान्य केलं पाहिजे.

भाद्रपदात आमच्याकडे जलविहाराचा मेळा भरतो. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात. त्या दिवसांत एका रात्री मी गव्हाची पोती भरून झाशीकडून येत होतो. गावाच्या अलीकडे समोर एक ट्रॉली उभी. मागे दिवा नाही, आत बायका-पोरं. मी ब्रेक दाबला. पुढची चाकं चिरकली, पण मागून गाडी ढकलतच राहिली. थांबली तेव्हा माझ्या बंपरमध्ये आणि ट्रॉलीच्या फाळक्यामध्ये हातभर जागा होती. त्या फाळक्यावर एक मुलगी हात ठेवून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी कमानीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कक्कांकडे गाडी नेली. ते गाडीखाली गेले आणि मागच्या अ‍ॅक्सलपाशी एका छोट्या दांडीला बोट लावून मला खाली बोलावलं. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो, चेसिसला लावलेला. त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. रिकाम्या गाडीत मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू नये, म्हणून दाब कमी. मी ठोकळे घालून चेसिस अ‍ॅक्सलपासून वर नेली होती. व्हॉल्व्ह बिचारा समजत होता, गाडी रिकामी आहे. भरल्या गाडीला मी स्वतःच्या हाताने रिकाम्या गाडीचे ब्रेक दिले होते. काम करणाऱ्याने दांडी नव्याने जुळवली नाही हे खरं, पण त्याला विचारलं तरी कोणी होतं?

आता ते नाक. कारखान्यातून पिकअप मागून उंच येते ती मुद्दाम. माल पडला की मागची बाजू बसते आणि गाडी सरळ होते. रिकामी असताना सरळ केलेली गाडी भरल्यावर नाक वर करते. दिव्यांचं गणित बघा. खालचा झोत दहा मीटरवर साधारण दहा सेंटिमीटर उतरेल असा लावतात, म्हणजे शंभरात एक. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर धरा तीन मीटर. पुढची बाजू मागच्यापेक्षा तीन सेंटिमीटर जास्त वर गेली, की तो सगळा उतार संपला. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत थेट उजेड. लोक मला अप्पर-डिप्पर का देत होते, ते मला कक्कांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

म्हणून काही विकत घेण्याआधी टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांचं माप, एकदा रिकामी असताना, एकदा नेहमीचा माल भरून. नेहमीचा म्हणजे आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या आतला. भरल्यावर मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली जात असेल, तर आधी पाटे बघा. पान तुटलंय का, कमान सपाट झालीय का, शॅकलचे बुश गेलेत का. निम्म्या गाड्यांचं दुखणं इथेच निघतं, असा माझा अंदाज. मूळ मापाचे नवे पाटे बसवले की उंची परत येते.

ठोकळ्याने उंची मिळते, ताकद नाही. पाटा तेवढाच दबतो. शिवाय प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातात, ब्रेकची नळी ताणली जाते. एकावर एक ठोकळे तर कधीच नकोत, आणि पुढच्या अ‍ॅक्सलखाली एकसुद्धा नको. जाड पान टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा की पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठ मिलिमीटरऐवजी दहाचं पान घेतलं तर ते एकटं जवळजवळ दुप्पट कडक होतं. रिकाम्या गाडीत मग कंबर मोजते खड्डे.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सवाल्यांचं थोडं वेगळं. त्यांना पुढे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे वर चकती घालून नाक उचलतात. चाकांचा तिरकसपणा बदलतो, बॉल जॉइंट कोनाच्या टोकाला जातात. अलाइनमेंट न करता गाडी बाहेर काढली तर टायर एका कडेने झिजतील.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीतली नोंद कारखान्याच्या मूळ मापांपासून वेगळी पडेल असा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. किट दुकानात राजरोस मिळतं म्हणून ते रस्त्यावर चालतं असं नाही. अपघातानंतर विमा कंपनी हाच प्रश्न विचारते.

मी ठोकळे काढले, पुढची वाढीव पानं काढली. मागे मूळ मापाचे नवे पाटे, नवे यू-बोल्ट, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. व्हॉल्व्हची दांडी जुळवून घेतली. काही दिवस चालवून नट पुन्हा आवळले. भाचा आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. गाडी आता परत नाक खाली घालून दारात उभी असते. सकाळी मंडीत पोती चढली की हळूहळू सरळ होते, आणि भाचा टेप घेऊन मागच्या चाकाशी बसतो.