अपंग मुलाचा हक्क : त्याच्या नावाचा आराखडा

(बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा येथे बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



धम्मदीक्षेविषयी आणि हक्कांविषयी आपण अशा सभांतून पुष्कळ ऐकले आहे. आज मी त्याच प्रश्नाच्या अशा एका अंगाविषयी बोलणार आहे, की ज्याची चर्चा आपल्या विहारांत क्वचितच होते. आपल्या वस्तीत ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, ज्यांना अक्षर लवकर लागत नाही, किंवा ज्यांचे रक्तच त्यांना वर्षातून कितीदा तरी अंथरुणाला खिळवते, त्या मुलांच्या शिक्षणाचे काय? माझे म्हणणे असे की, अशा प्रत्येक मुलाच्या नावाने शाळेत एक स्वतंत्र लेखी शैक्षणिक आराखडा असला पाहिजे, तो करताना त्याचे आईबाप समोर बसलेले असले पाहिजेत, आणि तो मागणे ही दयेची याचना नसून हक्काची मागणी आहे.

आधी शब्दाविषयी. सरकारी कागदांत २०१६ पासून 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. मी 'अपंग' असेच म्हणणार आहे. 'हरिजन' या गोड शब्दाचा अनुभव आपल्या पदरी आहे. देवाचे नाव चिकटवल्याने विहिरीचे पाणी मोकळे झाले नव्हते. ज्यांना नवा शब्द आवडतो त्यांच्याशी माझे भांडण नाही; त्यांनी एवढेच पाहावे की, शब्दाबरोबर शाळेची पायरीही बदलली काय.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अपंग मूल जन्मास आले म्हणजे अजूनही आपल्यापैकी काहींच्या तोंडून 'मागल्या जन्मीचे भोग' हे शब्द निघतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या नातवंडांच्या घरात हे शब्द ऐकू यावेत ही शोचनीय गोष्ट आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची कठोर चिकित्सा केली आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. अपंग मुलाच्या बाबतीत तर हे शब्दशः खरे ठरते. दोष मुलाच्या मागल्या जन्मावर टाकला की शिक्षक मोकळा, शाळा मोकळी, जिल्हा परिषद मोकळी आणि आपणही मोकळे.

तथागतांची दृष्टी याहून वेगळी होती. चूळपंथक या भिक्खूची कथा आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ झाली नाही. वडील भाऊ महापंथक स्वतः विद्वान भिक्खू. त्याने धाकट्याला मंदबुद्धी ठरवून विहाराबाहेर काढले. तथागतांनी त्या रडणाऱ्या माणसाच्या हाती एक स्वच्छ फडके दिले, ते चोळीत राहण्यास सांगितले आणि मळाविषयीचे दोन शब्द म्हणावयास दिले. फडके मळले, आणि मन कसे मळते व कसे धुतले जाते, हे गाथेने जे समजले नव्हते ते हाताने समजले. तोच चूळपंथक पुढे अर्हत झाला. (अट्ठकथाकारांनी त्याच्या मंदपणालाही मागल्या जन्माचे एक कारण चिकटवले आहे, ते आपण त्यांच्यापाशीच ठेवू.) महापंथकापाशी सर्वांसाठी एकच धडा होता. तथागतांनी आधी माणूस पाहिला, मग धडा ठरवला. आजचे शिक्षणशास्त्र ज्याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणते त्याचे मर्म यात आहे.

या आराखड्याचा कायदेशीर इतिहासही आपणांस जवळचा वाटेल असा आहे. १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडारा मतदारसंघातून उभे होते, आणि पराभूत झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा ठेवणे हीच मुळात विषमता आहे. ज्या देशात १९१३ पासून तीन वर्षे बाबासाहेब शिकले, त्या देशातील हा निर्णय. आणि वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसून ज्यांनी बालपण काढले त्यांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे अपंग मुलांच्या आईबापांनी तोच युक्तिवाद हाती घेतला. आमची मुले वेगळी काढता, घरी बसवता, हीही विषमताच आहे, असे ते म्हणाले. १९७२ साली वॉशिंग्टन शहरातील एका खटल्यात न्यायालयाने सांगितले की, पैसा अपुरा असेल तर त्याची झळ एकट्या अपंग मुलांनी सोसावी हे चालणार नाही. १९७५ साली तेथे कायदा झाला आणि प्रत्येक अपंग विद्यार्थ्याचा लेखी आराखडा बंधनकारक ठरला. अस्पृश्यतेच्या जातीच्या अन्यायाविरुद्ध जे शस्त्र घडले, त्याच शस्त्राने हा हक्क मिळवला गेला, हे आपण विसरू नये.

आपल्या देशाचे काय? २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, अमेरिकेसारखा पालकांच्या सहीचा आराखडा स्पष्ट शब्दांत बंधनकारक केलेला नाही. ही उणीव आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. परंतु कलम १६ नीट वाचा. मुलाला वैयक्तिक स्वरूपाचे आवश्यक साहाय्य द्यावे, प्रत्येक अपंग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर देखरेख ठेवावी, अंध आणि कर्णबधिर मुलांना योग्य भाषेतून व पद्धतीने शिकवावे, वाहतुकीची सोय करावी, असे ते सांगते. लेखी आराखड्यावाचून प्रत्येकाची प्रगती मोजणार कशाने? म्हणजे आराखड्याचा हक्क या कलमाच्या पोटातच आहे. तो आपण बाहेर काढला पाहिजे. कलम ३१ प्रमाणे चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्वाच्या मुलांना २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिक्षण घेण्याची मुभा मिळाली. मुभा मुलाची आहे. 'घरीच ठेवा' असे सांगण्याची मुभा शाळेला मिळालेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक शाळेत दहा अपंग मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. खेड्यांकडे पाहिले तर एकच विशेष शिक्षक अनेक गावे फिरताना दिसतो. तो फिरत असल्यामुळेच त्याने काय करावयाचे ते कागदावर असणे अधिक जरूर आहे.

आता मी आपल्या स्वतःच्या रक्ताच्या प्रश्नाकडे येतो. कायद्याच्या यादीत एकवीस प्रकारची अपंगत्वे आहेत आणि त्यांत सिकलसेलचा आजार आहे. पूर्व विदर्भात हा आजार आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील सिकलसेलविषयी डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता. हे कोणाचे पाप नव्हे. हा गुण एका पालकाकडून आला तर तो हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून बचाव करतो, म्हणून हिवतापाच्या मुलखांत तो पिढ्यान्पिढ्या टिकला. दोघांकडून आला तर मात्र आजार होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारांत एक असते.

या आजाराचे मूल वर्गात अपंग दिसत नाही, ही त्याची मोठी आपत्ती आहे. आज ते धावते आणि उद्या हातापायांच्या वेदनेने तळमळते. हजेरीपटावर गैरहजेरी साचते, आणि गुरुजींच्या मनात 'आळशी' हा शेरा पडतो.

समजा, सातवीत शिकणारी अशी एक मुलगी आहे. तिच्या आराखड्यात काय असावे? प्रथम तिची आजची स्थिती, आणि तीही शेऱ्यात नव्हे, तपशिलात. 'गणितात कच्ची' हे लिहिणे निरुपयोगी आहे. 'मराठीचा धडा न अडखळता वाचते. अपूर्णांकांची बेरीज येत नाही, कारण ते शिकवले त्या तीन आठवड्यांत ती रुग्णालयात होती' असे लिहिले म्हणजे उपायही त्याच ओळीत सापडतो. मग उद्दिष्ट: दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तिला अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आली पाहिजे. ती कोण शिकवील, कोणत्या वारी, किती वेळ, आणि आली हे कशावरून ठरवावयाचे, हे नावानिशी लिहावे. ती पुन्हा आजारी पडली तर वह्या कोणती मैत्रीण घरी पोचवील आणि शिक्षक आठवड्यातून केव्हा चौकशी करतील, हेही आधीच ठरलेले असावे.

पुढील गोष्टी क्षुल्लक वाटतील; त्या क्षुल्लक नाहीत. तिच्या बाकावर पाण्याची बाटली असावी आणि पाणी पिण्यास परवानगी लागू नये, कारण शरीरातील पाणी घटले की वेदनेचा झटका येण्याचा धोका वाढतो. तिला लघवीस वारंवार जावे लागते, तेव्हा हात वर करून सर्वांदेखत विचारण्याची लाज तिच्यावर लादू नये. पौषातल्या सकाळच्या थंडीत तिला उघड्या व्हरांड्यात बसवू नये. कवायतीत दमेपर्यंत पळवू नये. पण खेळाच्या तासाला वर्गात कोंडूनही ठेवू नये, कारण तो पुन्हा वेगळा गोणपाटच झाला. ताप आला, श्वास लागला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात लुळा पडला तर 'आई संध्याकाळी येईल' म्हणून थांबू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. या वाक्याखाली मुख्याध्यापकांचा आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक असावा. रोवणीच्या दिवसांत आई बांध्यांत असते, म्हणून दुसऱ्या एखाद्या नातलगाचाही असावा.

आणखी एक इशारा. आपला हा भाग मध्यप्रदेशाच्या सीमेचा. घरात कोणी पोवारी बोलतो, कोणी हिंदी, कोणी झाडीची मराठी. पुस्तकी मराठीत प्रश्न विचारून उत्तर आले नाही म्हणजे मूल मतिमंद ठरत नाही. तपासणी मुलाच्या बोलीत झाली काय, हे आईने विचारलेच पाहिजे. अंगठा देणाऱ्या आईनेही विचारले पाहिजे. आपल्या मुलाला काय समजते आणि ते केव्हा थकते, हे तिच्याइतके कोणत्याही तज्ज्ञाला ठाऊक नसते.

कामाची रीत साधी आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात कलम १६ चा उल्लेख करावा, पोच घ्यावी, आणि एक प्रत तुमसरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लवकर काढावे; पण ते हाती येईपर्यंत आराखडा थांबवू देऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा पालकांच्या आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या जागी अपंग मुलाची आई बसलेली असावी. शाळेने प्रवेशच नाकारला तर जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात त्यासाठी अधिकारी नेमण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे, आणि त्यावर पुण्यास अपंग कल्याणाचे राज्य आयुक्त आहेत. आराखडा झाल्यावर दर तीन महिन्यांनी तो पुन्हा उघडावा. जे साधले नाही तेथे मुलाला दोष न देता उपाय बदलावा.

या सभेनंतर विहारात एक वही ठेवली जाईल. आपल्या वस्तीतील अशा प्रत्येक मुलाचे वय, इयत्ता आणि आईने सांगितलेली अडचण त्यात लिहावी. ती वही विहाराबाहेर उघडली जाऊ नये, आणि आईच्या संमतीवाचून एकही नाव त्यात येऊ नये. ज्यांना अर्ज लिहिता येतो अशा चार तरुणांनी पुढच्या रविवारी सकाळी येथे बसावे. पहिले अर्ज त्याच दिवशी तयार होतील आणि सोमवारी शाळा उघडताच ते घेऊन आईबापांबरोबर दोघांनी जावे.

जय भीम.