कॅबिनेटचा कस

कारखान्यात बनणाऱ्या स्वयंपाकघरातील कॅबिनेटचे दोन भाग असतात. समोर दिसते ते शटर आणि त्यामागचे खोके म्हणजे कार्कस. दुकानात सगळी चर्चा शटरच्या रंगाची आणि चकाकीची होते. कॅबिनेट किती वर्षे टिकणार हे मात्र कार्कसवर ठरते, आणि कार्कसची खरी परीक्षा होते ती सिंकखाली.

बेंगळुरूत अशा कॅबिनेटची बाजारपेठ मोठी आहे. होमलेन ही कंपनी इथेच 2014 मध्ये सुरू झाली. आयकियाचे नागसंद्रा येथील दुकान जून 2022 मध्ये उघडले. शिवाय म्हैसूर रोडच्या टिंबर यार्डातून प्लाय आणून घरच्या घरी कॅबिनेट करून देणारे सुतार आहेतच. त्यामुळे ‘कारखान्यातले की सुताराचे’ हा वाद इथे नेहमी ऐकू येतो. खरे तर त्याआधी फळी कोणती हे विचारायला हवे.

कार्कससाठी बहुधा प्लाय, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ किंवा त्याहून घट्ट दाबलेला एचडीएचएमआर बोर्ड वापरतात. प्लायवर ‘710’ हा आकडा असेल तर तो भारतीय मानक 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा. या मानकाच्या चाचणीत प्लायचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि मग थर सुटतात का ते पाहतात. चाचणी मुख्यतः गोंदाची असते. आतल्या थरात पोकळी राहिली असेल तर ती वरून कळत नाही, कापलेली कड पाहावी लागते. नुसता छापलेला आकडाही पुरेसा नाही, त्यासोबत आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक हवा. प्लायवुडवर संशोधन करणारी ‘इपिर्ती’ ही केंद्र सरकारची संस्था बेंगळुरूतच तुमकूर रोडवर उभी राहिली. पुढे ती मल्लेश्वरमच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत विलीन झाली.

पार्टिकल बोर्डाची बदनामी जरा जास्तच झाली आहे. आयकियाची स्वयंपाकघरातील खोकी याच बोर्डाची असतात. बेंगळुरूची हवा कोकणासारखी दमट नाही, त्यामुळे वरच्या कपाटांना मरीन प्लाय लावणे म्हणजे बहुतेक वेळा पैशाचा अपव्ययच. सिंकखाली मात्र हिशेब बदलतो. तिथे पाणी झिरपले की पार्टिकल बोर्ड फुगतो आणि एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. त्याला स्क्रूची पकडही कमी. एकाच भोकात स्क्रू दोन-तीनदा काढून घातला की तो सैल होतो. घर बदलताना कॅबिनेट सोबत नेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

बोर्ड कोणताही असो, पाणी शिरते ते कडेतून. म्हणून एज बँडिंग, म्हणजे कडांना चिकटवलेली पट्टी, बारकाईने पाहावे. पट्टी चारही कडांना आहे का, की फक्त समोरच्या? नळासाठी पाडलेल्या भोकाची कड उघडीच ठेवलेली असते आणि कॅबिनेट सडायला सुरुवात बहुधा तिथूनच होते. यंत्राने बसवलेल्या पट्टीच्या सांध्यावर नख अडकत नाही. पट्टी चिकटवायला वापरलेला पॉलियुरेथेन गोंद साध्या गरम गोंदापेक्षा पाणी आणि उष्णता जास्त सोसतो. तो महाग असल्याने वापरणारा विक्रेता सहसा न विचारताच सांगतो.

हार्डवेअरमध्ये ड्रॉवरच्या चॅनेलवर लिहिलेली वजनाची मर्यादा आधी वाचावी. तांदळाचे डबे किंवा कुकर ठेवायच्या ड्रॉवरला 30 किलोची मर्यादा अपुरी पडू शकते. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून हलकेच दाबला तर तो किती लवतो, हे दुकानातच कळते. जाळीच्या बास्केटबाबत एक चुकीचा समज पसरला आहे. दुकानदार चुंबक लावतो आणि तो चिकटला नाही की स्टील 304 दर्जाचे असल्याचे सांगतो. पण स्वस्त 202 स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. दोहोंतला महत्त्वाचा फरक निकेलचा. 304 मध्ये निकेल 8 टक्क्यांच्या आसपास असते, 202 मध्ये त्याहून बरेच कमी. खात्री हवी असेल तर रसायनाचे थेंब टाकून केलेली चाचणी उपयोगी पडते.

किंमत चौरस फुटावर सांगण्याची पद्धत सर्रास आहे, आणि घोळ तिथेच होतो. एक विक्रेता फक्त समोरच्या बाजूचे माप धरतो, दुसरा प्रत्येक फळीचे. एकाच्या दरात बास्केट आणि हँडल येतात, दुसऱ्याच्या दरात त्यांचे पैसे वेगळे. दोन कोटेशनांची तुलना करायची तर दोघांकडून कार्कस, शटर, हार्डवेअर, बास्केट आणि बसवणावळ यांचे दर स्वतंत्र लिहून घ्यावे लागतात. मागची फळी किती जाडीची आहे तेही लिहून घ्यावे, कारण विक्रेत्याला काटकसर करायची झाली तर ती बऱ्याचदा याच न दिसणाऱ्या फळीत होते. वॉरंटीचा कागद वाचताना वर्षांच्या आकड्याआधी वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी. तिच्यात पाण्याने झालेले नुकसान असेल, तर सिंकखालच्या कपाटाला ती वॉरंटी फारशी उपयोगाची नाही.