सहीआधी दोन गोष्टी विचारा

आमच्या गटातल्या एका ताईंनी ५० हजारांचं कर्ज मागितलं. जाऊबाईंचा स्तनाचा कर्करोग यकृतापर्यंत गेलेला. कुणीतरी सांगितलं, पैसे भरा, पेशींच्या उपचाराच्या चाचणीत नाव घालतो. आम्ही कर्ज थांबवलं. ताई रागावल्या, आणि रागावणारच.

हा उपचार काही थाप नाही. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी काढतात, प्रयोगशाळेत बदलून वाढवतात आणि सलाईनसारख्या परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयातून आलेल्या अशा उपचाराला २०२३ साली मंजुरी मिळाली. पण ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. घट्ट गाठीत या पेशी नीट शिरत नाहीत, शिरल्या तरी थकतात. म्हणून तिथं बहुतेक चाचण्या अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहेत. पहिल्या टप्प्यात मोजके रुग्ण घेऊन किती मात्रा सोसते, त्रास काय होतो, हे बघतात. गाठ जाईलच असं कुणी म्हणत असेल तर सावध व्हा.

चाचणीच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून मागायचे नसतात. सरकारच्या सीटीआरआय नोंदवहीत चाचणीची नोंद लागते. संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत हवं, आणि सही केल्यावरही बाहेर पडता येतं.

ताईंच्या मुलीनं मोबाईलवर ती नोंदवही उघडली. त्या माणसानं सांगितलेली चाचणी तिथं नव्हती. मग गटानं ५ हजार दिले, मुंबईला टाटात दाखवायला जाण्यासाठी. ताई अजून आमच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.