इंटरनेटवरील माहिती पारखून घ्या



आमच्या एका विद्यार्थ्याने प्रबंधासाठी इंटरनेटवरून मजकूर उतरवून आणला : 'दोन जनुकांच्या बीटी कपाशीवर बोंडअळीसाठी फवारणी लागत नाही.' लेखकाचे नाव नाही, सालही नाही. २००६ मध्ये हे वाण आले तेव्हा हे बरेचसे खरे होते. २०१७ मध्ये मात्र गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातली बोंडे पोखरली.

मी त्याला 'कृषिकोश'वरील कृषी विद्यापीठांचे प्रबंध वाचायला लावले. प्रयोग कोणत्या साली, कोणत्या जमिनीत, किती पुनरावृत्तींत घेतला, हे त्यात दिलेले असते. मोबाईलवर आलेला सल्लाही असाच तपासावा. साल तर आधी बघावे. आणि कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडले, तर कोणाचा सल्ला येण्याची वाट न पाहता हिरवी बोंडे फोडून बघावीत.