भीमेवरचे कुरव



थंडीत भिगवणला गेलात,
तर रोहित पक्षी तुम्ही बघालच.
आज आपण कुरवांकडे बघूया.

तिथे उजनी धरणाच्या फुगवट्यात,
भीमेच्या पाण्यावर,
होड्यांमागे पांढरे पक्षी घिरट्या घालतात.
तेच हे कुरव.

त्यांत तपकिरी डोक्याचा कुरव असतो.
तो लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटं करतो.
थंडी पडली, की खाली उतरतो.

आता गंमत ऐका.
नाव तपकिरी डोक्याचा,
आणि हिवाळ्यात डोकं पांढरं!
कानामागे तेवढा एक गडद डाग.
काळ्या डोक्याच्या कुरवाचंही अगदी तसंच.

मग दोघांतला फरक ओळखायचा कसा?
डोकं सोडा, पंख बघा.

पंखाचं टोक चांगलं काळं,
आणि त्यात पांढरा ठिपका,
तर तो तपकिरी डोक्याचा.

पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र,
तर तो काळ्या डोक्याचा.

पुन्हा सांगते.
डोकं नाही, पंख बघा.
लहान वयाचे पक्षी तरीही चकवतात.
जाणकारांनाही!

आणि हो,
होडीतून शेव-फरसाण फेकू नका.
फोटो छान येतो, कबूल.
पण मासे-किडे खाणाऱ्याला तळण कशाला?

मार्चच्या सुमाराला गेलात,
तर काहींच्या डोक्यावर तपकिरी रंग चढलेला दिसेल.
तेव्हा त्यांची परतीची तयारी सुरू झालेली असते.