ताटीबाहेरची हांक



यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्या बांधून केलेली ताटी आपण पाहिली असेल. तिला ना अडसर, ना कुलूप. लहान मूलहि ती बाजूला सारूं शकतें. मग असलें दार उघडावें म्हणून मुक्ताबाईनें बाहेर उभें राहून इतके अभंग कां म्हणावे?

कथा तेराव्या शतकांतील आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारांत परतले, म्हणून त्यांच्या चारी मुलांना समाजानें वाळीत टाकलें. आईबापांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतलें, तरी निंदा थांबली नाहीं. परंपरा सांगते कीं, एकदां असाच कटु शब्द जिव्हारीं लागून ज्ञानदेवांनीं झोपडींत शिरून ताटी लावून घेतली. धाकट्या बहिणीनें त्यांना जें विनविलें, तेच 'ताटीचे अभंग'. मुक्ताबाईच्या नांवावर ते ४२ सांगतात.

तिनें ताटी ढकलली नाहीं, कारण क्षमा बाहेरून लोटतां येत नाहीं. तें दार आंतल्यानेंच उघडावें लागतें. शिवाय विनवणारी अपराध्यांपैकीं नव्हती. जे शब्द भावाला लागले, ते तिलाहि लागले होते. म्हणून तिला बोलण्याचा अधिकार होता. लोक निर्दोष आहेत असें ती म्हणत नाहीं. दांतांखालीं सांपडलेल्या जिभेचा घरगुती दाखला देऊन, दुखावणारा व दुखावलेला एकाच देहाचे आहेत, एवढेंच ती दाखविते.

ताटी उघडली. ज्या ज्ञानदेवांनीं शके १२१२, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांनीं पसायदानांत दुष्टांचा नाश मागितला नाहीं. त्यांचें वाकडेपण जावें, इतकेंच मागितलें.

आमच्या जिल्ह्यांत कर्ज व नापिकी यांपायीं कित्येक शेतकऱ्यांनीं आत्महत्या केल्या. मागें राहिलेल्या बाईला दुःखाबरोबर लोकांचे बोलहि सोसावे लागतात. तिला 'झालें गेलें विसर' म्हणणें सोपें आहे; पण ज्यानें कांहींच सोसलें नाहीं, त्याला तें म्हणण्याचा अधिकार कोठला? आपण आधीं आपली जीभ आवरावी, तिच्या शेतांत पेरणीला हात लावावा, आणि मग ताटीबाहेर उभें राहावें. ती कधीं उघडायची, हें तिचें तिनें ठरवावें. हांक मात्र थांबूं नये.